आधी इसार, मग दुकान

(सहाय्यक बंधुभगिनींच्या वार्षिक मेळाव्यात, कापणीच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मागच्या वर्षी कापणीच्या सणाला मी याच ठिकाणी उभी होते. आमच्या वसतिगृहात शिकून गेलेल्या एका मुलाची गोष्ट मी तुम्हांला सांगितली होती. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला तो उसन्या बुटांत धावला. बूट दोन नंबर मोठे होते म्हणून पुढच्या बाजूला त्याने फडकं कोंबलं होतं. सोळाशे मीटरच्या शेवटच्या फेरीत ते फडकं सरकलं, पाय सुटला आणि थोड्या गुणांनी त्याची भरती गेली. घरी आल्यावर तो मला म्हणाला, "बाई, आपल्याकडे लग्नाला मंडप भाड्याने मिळतो, भांडी भाड्याने मिळतात. गॅदरिंगला ड्रेपरीवाल्याकडून राजाराणीचे कपडे भाड्याने येतात. मग खेळाचे कपडे भाड्याने का मिळू नयेत?"

जर्सी, हाफ पॅन्ट, ट्रॅक पॅन्ट, बूट, सगळं भाड्याने देणारं छोटं दुकान तालुक्याच्या गावी काढायचं आणि ते आमच्याच मुलांनी चालवायचं, अशी त्याची कल्पना होती. मला ती फार आवडली. तुम्हांलाही आवडली. त्याच सभेत साठ हजार रुपयांची वचनं मिळाली आणि नाताळच्या आत सगळी रक्कम खजिनदारांकडे जमा झाली. एका विधवा बहिणीने पेन्शनमधून पाचशे रुपये दिले होते. ते पाकीट मी अजून जपून ठेवलं आहे.

आज हिशेब द्यायला उभी आहे. पहिलंच सांगून टाकते, ते दुकान निघालं नाही. साठ हजारांतला एक रुपयाही दुकानावर खर्च झालेला नाही. असं का झालं, त्यातून आम्ही काय शिकलो आणि आता तुमच्याकडे काय मागतो आहोत, एवढंच आज बोलणार आहे.

आमचा भाग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतले हे पाडे. कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाची वस्ती. पावसाळ्यात भात, नागली, वरई. दिवाळीनंतर बरीच घरं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात. खेळाची आवड मात्र घराघरात आहे. नाशिक जिल्ह्यातल्याच सावरपाड्याच्या कविता राऊत हिने 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. तेव्हापासून आमच्याकडे पळणारं प्रत्येक पोर तिचं नाव घेतं. भात कापून झालं की रिकाम्या खाचरांत टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा लागतात, अंगणात कबड्डीचं मैदान आखलं जातं. असा उत्साह पाहिल्यावर दुकान चालणारच, असं मला वाटलं यात नवल नाही.

तरी आम्ही विचारपूस केली. तीन गावांत फिरून एकतीस जणांना विचारलं, "खेळाचे कपडे भाड्याने मिळाले तर तुम्ही घ्याल का?" एकतीसच्या एकतीस जणांनी हो म्हटलं. कोणी म्हणालं, "चांगलं काम आहे बाई." कोणी म्हणालं, "लवकर सुरू करा." मी वहीत एकतीस खुणा केल्या आणि आनंदाने देवाचे आभार मानले.

ती वही मी आपल्या नाशिकच्या मंडळीतल्या एका वडिलांना दाखवली. त्यांनी चाळीस वर्षं तयार कपड्यांचं दुकान चालवलं आहे. त्यांनी वही चाळली, चष्मा काढला आणि विचारलं, "बाई, यांतल्या किती जणांनी इसार दिला?"

मी म्हटलं, "इसार कसा देतील? अजून दुकानच नाही."

ते म्हणाले, "मग तुम्हांला अजून एकही गिऱ्हाईक भेटलेलं नाही. चांगलं आहे म्हणायला पैसे पडत नाहीत. त्यात तुम्ही मिशनच्या बाई. तुमच्या तोंडावर कोण नाही म्हणणार?"

बंधुभगिनींनो, मला ते बोलणं लागलं. पण रात्री विचार केला तेव्हा ते खरं वाटलं. ज्यांच्या मुलांना आपण वसतिगृहात ठेवलं, आजारपणात दवाखान्यात नेलं, ते लोक माझ्या प्रश्नाला नाही कसे म्हणतील? त्यांनी माझा मान राखला आणि मी त्या मानाला मागणी समजले.

लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूने बुरूज बांधणाऱ्याचा दाखला दिला आहे. बांधायला घेण्याआधी माणूस बसून खर्चाचा अंदाज घेतो, नाहीतर पाया घातल्यावर काम अडतं आणि पाहणारे हसतात. शिष्य होण्याची किंमत समजावी म्हणून प्रभूने तो दाखला दिला, हे मला ठाऊक आहे. पण प्रभूने उदाहरण घेतलं ते साध्या व्यवहारातल्या शहाणपणाचं. आमच्या हातात तर पैसे दुसऱ्यांचे होते. त्या विधवा बहिणीचे होते.

म्हणून त्या वडिलांच्या सल्ल्याने आम्ही दुकान थांबवलं आणि आधी परीक्षा घ्यायची ठरवली. ती कशी घेतली ते जरा सविस्तर सांगते, कारण कोंबडीपालन असो, शिलाई असो की पापड, पुढच्या प्रत्येक कामाला ती उपयोगी पडणार आहे.

पहिली गोष्ट, प्रश्न बदलला. "घ्याल का?" हे विचारणं बंद केलं. त्याऐवजी विचारलं, "मागच्या स्पर्धेला तुमच्या संघाने काय घातलं होतं? ते कुठून आणलं? पैसे कोणी दिले? किती दिले?" पुढे काय करू हे सांगताना माणूस मोठ्या मनाने बोलतो. मागे काय केलं ते सांगताना खरं बोलावं लागतं.

दुसरी गोष्ट, नवीन काही विकत घेतलं नाही. वसतिगृहाच्या कपाटात बारा-बारा जर्सींचे दोन सेट होते, एक निळा, एक लाल. तेवढ्यावरच सुरुवात केली. त्या वडिलांच्या मुलीने आम्हांला अमेरिकेतल्या रेंट द रनवे या कंपनीची गोष्ट सांगितली. समारंभाचे कपडे भाड्याने देणारी ही कंपनी 2009 साली दोन मैत्रिणींनी सुरू केली. त्यांनीही आधी थोडे कपडे घेऊन कॉलेजच्या मुलींना प्रत्यक्ष भाड्याने देऊन पाहिले. एकदा अंगावर घालून बघू दिले, एकदा नुसते पाहू दिले, एकदा फक्त फोटो दाखवले, आणि प्रत्येक वेळी किती जणी पैसे देतात ते मोजलं. एवढ्या मोठ्या कामाची सुरुवात अशी झाली असेल, तर आमच्या दोन सेटना लाजायचं काय कारण?

तिसरी गोष्ट, दोन आठवडे बाजारांत दोन भाव लावले. दोरीवर जर्सी टांगल्या, पुठ्ठ्यावर भाव लिहिला. एका बाजारात एका जोडीला दिवसाला पंचवीस रुपये, दुसऱ्या बाजारात पंधरा. संघाने तारीख सांगायची आणि पन्नास रुपये इसार ठेवायचा. इसार दिला तरच नाव वहीत.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण होती. आम्ही सुरुवातीलाच लिहून ठेवलं की मार्चअखेर निदान वीस वेळा सेट भाड्याने गेले आणि निदान पाच संघ दुसऱ्यांदा आले, तरच दुकान काढायचं. कागदावर त्या मुलाने सही केली, मी सही केली आणि तो कागद कार्यालयाच्या भिंतीवर लावला. आधी लिहून ठेवलं नाही, तर मन नंतर हवा तसा आकडा गोड करून घेतं. मी तर नक्कीच घेतला असता.

आता काय झालं ते ऐका.

पंचवीस रुपयांच्या बाजारात तीन संघांनी इसार दिला. पंधरा रुपयांच्या बाजारात चार संघांनी. भाव जवळजवळ निम्मा केला तरी एकच गिऱ्हाईक वाढलं. म्हणजे अडचण भावाची नव्हती. त्यातही सातही संघांना कपडे हवे होते ते दोनच दिवशी, 26 जानेवारीला आणि त्यानंतरच्या रविवारी. सेट दोन, दिवस दोन, म्हणून चारच संघांना देता आले. तिघांचा इसार परत केला. मंडपवाल्याचंही असंच होतं. लग्नाच्या तिथीला सगळ्यांना मंडप हवा असतो आणि इतर दिवशी तो गोदामात पडून असतो. मंडपवाल्याला निदान मुहूर्त पुष्कळ मिळतात. आमच्या स्पर्धा डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत, म्हणजे जेमतेम पंधरा रविवार.

हिशेब असा. एक जोडी साडेतीनशे रुपयांना, म्हणजे बारा जणांचा सेट चार हजार दोनशे रुपयांना पडतो. पंचवीस रुपयांप्रमाणे एका वेळचं भाडं तीनशे. धुण्याची मजुरी आणि साबण मिळून साठ रुपये. हातात उरतात दोनशे चाळीस. सेटची किंमत निघायला तो अठरा वेळा जायला हवा. रविवार पंधरा. एकही रविवार रिकामा गेला नाही असं धरलं तरी एका हंगामात पैसे निघत नाहीत. हे गणित पाचवीच्या मुलाला येतं. पण आम्ही ते साठ हजार गोळा करण्याआधी केलं नव्हतं.

ज्या संघांनी इसार दिला नाही त्यांच्याकडे मी मुद्दाम गेले. तेव्हा खरी कारणं कळली. एक कप्तान म्हणाला, "बाई, आम्हांला छातीवर गावाचं नाव पाहिजे. तुमच्या जर्सीवर वसतिगृहाचं नाव आहे." दुसरा हसून म्हणाला, "निवडणूक जवळ आली की जर्सी घरी चालत येते." तिसऱ्याने जे सांगितलं ते मी विसरणार नाही. तो म्हणाला, "जर्सी एका दिवसाची नसते बाई. मॅच झाली की तीच घालून बागेत कामाला जातो, बाजाराला जातो, पाहुण्यांकडे जातो." त्याचं बरोबर होतं. साडेतीनशेची जोडी वर्षात शंभर दिवस अंगावर राहिली तर दिवसाला साडेतीन रुपये पडतात. मी त्याला पंचवीस रुपयांना एक दिवस विकत होते. त्याच्या गरिबीवर उपाय शोधताना त्याचा शहाणपणा मी हिशेबात धरलाच नव्हता.

बुटांचं तर काहीच जमलं नाही. दुसऱ्याच्या पायाने मळलेला बूट कोणालाच नको होता. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनी सांगितलं की अनोळखी बूट चाचणीच्या दिवशी घालायचाच नसतो, पायाला फोड येतात. ज्याच्या फडक्याच्या गोष्टीवरून हे सगळं सुरू झालं, तोच मुलगा म्हणाला, "बाई, मला तेव्हा भाड्याचा बूट मिळाला असता तरी मी हरलो असतो. मला तीन महिने आधी माझा स्वतःचा बूट हवा होता." गरज खरी होती. उपाय चुकीचा होता.

आता एक गोष्ट नाजूक आहे, पण ती सांगितल्याशिवाय साक्ष पुरी होणार नाही. फेब्रुवारीत एका मंडळीकडून चाळीस जर्सींचं गाठोडं आलं. अंतःकरणापासून दिलेलं दान होतं. आमच्या कामाबद्दल ऐकूनच त्यांनी पाठवलं होतं. मीही न थांबता, प्रार्थना करून, त्या जर्सी दोन गावांत वाटून टाकल्या. पुढच्या बाजारी भाडं भरलेला एक संघ आमच्या दोरीपाशी आला. कप्तान रागावला नव्हता. त्याने एवढंच विचारलं, "त्यांना फुकट आणि आम्हांला तीनशे. आम्ही मूर्ख ठरलो का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसानंतर त्या बाजारात एकही इसार आला नाही. चूक पाठवणाऱ्यांची नव्हती, वाटणाऱ्या माझी होती. एका हाताने भाव सांगायचा आणि दुसऱ्या हाताने फुकट द्यायचं, असं केलं की माणसाला काय खरंच हवं आहे ते कधी कळत नाही. आणि जो स्वतःच्या कमाईतून पैसे देतो, त्याचा अपमान होतो.

मार्चअखेर कागद पाहिला. वीसऐवजी अकरा वेळा सेट गेले होते. पाचऐवजी एकच संघ दुसऱ्यांदा आला होता. त्या मुलाने भिंतीवरचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. मग जर्सींच्या घड्या घालत बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बाई, आता त्या लोकांना काय सांगायचं? त्यांनी माझ्यासाठी पैसे दिलेत." मी म्हटलं, "जे झालं ते सांगायचं." त्याला वाटलं, तो दुसऱ्यांदा नापास झाला. मी त्याला सांगितलं की तू एका अर्थाने साठ हजार रुपये वाचवलेस. पण खरं सांगते, त्या दिवशी मलाही ते पटलेलं नव्हतं.

गोष्ट इथेच संपली असती. पण ऑगस्टमध्ये एका आश्रमशाळेचे क्रीडाशिक्षक आमच्याकडे आले. म्हणाले, "तुमच्याकडे जर्सी भाड्याने मिळतात असं ऐकलं. माझ्या मुलींच्या कबड्डी संघाला हव्यात. अंगाच्या मापाच्या टी-शर्ट आणि पायभर ट्रॅक पॅन्ट." मी कपाट उघडलं. सगळं मोठ्या मुलांच्या मापाचं. हाफ पॅन्ट. ते निराश झाले. म्हणाले, "मागच्या वर्षी मुली पंजाबी ड्रेसवर ओढणी कमरेला गुंडाळून खेळल्या. एक चांगली चढाईपटू तर आलीच नाही. तिचा एकच धड ड्रेस होता आणि तो फाटला तर घरी काय सांगायचं, ही तिला भीती."

ते गेल्यावर मी पहिली वही काढली. एकतीस नावं पुन्हा वाचली. एकतीसच्या एकतीस पुरुषांची होती. स्वतः बाई असून, मुलींच्या वसतिगृहात पंधरा वर्षं काढून, मी एकाही मुलीला विचारलं नव्हतं. मैदानावर जे आधीपासून दिसत होते त्यांनाच विचारलं होतं. ज्या कपड्यांअभावी मैदानावर येतच नव्हत्या, त्या माझ्या वहीत कशा येणार? त्या रात्री मी देवाजवळ क्षमा मागितली.

मग दुसरी परीक्षा घेतली, पुन्हा त्याच रीतीने. शिलाई शिकलेल्या एका आईने जुन्या दोन सेटमधल्या टी-शर्ट उसवून मुलींच्या मापाच्या करून दिल्या. ट्रॅक पॅन्ट वसतिगृहातल्याच जमवल्या. नऊ शाळांत गेलो आणि मागच्या वर्षी काय केलं तेच विचारलं. या वेळी एक गोष्ट नीट समजून घेतली, घालणार कोण आणि पैसे देणार कोण. घालणार मुली, पैसे देणार शाळा. म्हणून मुलींना माप आणि कापड विचारलं, मुख्याध्यापकांना भाव आणि पावती. मुलींनी ज्या गोष्टी सांगितल्या त्या मला सुचल्या नसत्या. कापड पातळ नको, गळा खोल नको, पॅन्टला नाडी हवी कारण इलॅस्टिक दगा देतं. आणि एक हळूच म्हणाली, "बाई, रंग गडद असू द्या. पाळीच्या दिवसांतही खेळता येईल."

नऊपैकी सहा शाळांनी शंभर रुपये इसार दिला. अनामत पाचशे, भाडं एका दिवसाला तीनशे. ऑगस्ट ते ऑक्टोबर या तीन महिन्यांत दोन सेट मिळून बावीस वेळा गेले. सहापैकी चार शाळा पुन्हा आल्या. दोन टी-शर्ट हरवल्या, त्यांचे पैसे अनामतीतून वळते केले. गावच्या स्पर्धा सगळ्या एका रविवारी येतात, पण शालेय स्पर्धांचं तसं नसतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट वेगळे, कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल वेगळे, मुलामुलींचे दिवस वेगळे, आणि बहुतेक सामने आठवड्याच्या मधल्या दिवशी. शिवाय आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धा निराळ्या. त्यामुळे सोमवारी परत आलेला सेट धुऊन, सावलीत वाळवून बुधवारी दुसऱ्या शाळेला देता येतो. भाड्याचा धंदा चालतो तो असा. गिऱ्हाईकं पुष्कळ असून भागत नाही. ती वेगवेगळ्या दिवशी यावी लागतात.

धुण्याचं आणि वहीचं काम आता मुलींच्या मातांचा बचत गट करतो. पावसात कपडे वाळत नाहीत, दमट वास राहतो, ही अडचण पहिल्याच आठवड्यात आली. त्यांनी चुलीच्या वरच्या माळ्यावर दोरी बांधून पाहिली, तर कपड्यांना धुराचा वास लागला. मग समाजघराच्या व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या. ही अक्कल दुकान काढून आली असती तर महाग पडली असती.

आता हिशेब. बावीस वेळांचं भाडं सहा हजार सहाशे. धुण्याचा खर्च तेराशे वीस. शिल्लक पाच हजार दोनशे ऐंशी. हिवाळ्यातल्या अकरा वेळांची शिल्लक एक हजार नऊशे वीस. एकूण सात हजार दोनशे. दोन्ही परीक्षांचा प्रवास, वही, पिशव्या, शिलाई मिळून खर्च दोन हजार तीनशे पन्नास, तो यातूनच भागला. हातात चार हजार आठशे पन्नास उरले. मुलींच्या मापाचे तीन नवीन सेट घ्यायचे आहेत, बारा हजार सहाशे रुपयांचे. म्हणजे तुमच्या साठ हजारांतून आम्हांला सात हजार सातशे पन्नास रुपये हवे आहेत. त्याहून जास्त नको.

मी तुम्हांला मोठं स्वप्न दाखवत नाही. हा कोणाचा संसार चालवणारा धंदा नाही. वर्षाला थोडे हजार रुपये बचत गटात येतील, दोन-तीन बायांना धुण्याची मजुरी मिळेल आणि सेट फाटतील तेव्हा नवे घ्यायला गटाकडे स्वतःचे पैसे असतील. पण यंदा त्या चढाईपटू मुलीच्या अंगावर मापाचे कपडे होते. तालुक्याला तिचा संघ दुसऱ्या सामन्यात हरला. ती मात्र तीनही सामन्यांत... नाही, चुकले, दोनही सामन्यांत पूर्ण वेळ मैदानात होती. तिचे वडील सामना पाहायला आले होते. पहिल्यांदाच.

आणि तो मुलगा? तो पुन्हा भरतीची तयारी करतो आहे. आठवड्याला पन्नास रुपये बाजूला टाकून त्याने स्वतःचे बूट घेतले. त्याचं पाहून आणखी मुलांनी तशीच भिशी सुरू केली आहे. सेटची वही तोच तपासतो. परवा कोंबडीपालनाचा एक गट आमच्याकडे आला. सगळा बेत ऐकून घेतल्यावर हा मागून म्हणतो, "अंड्यांसाठी इसार कोणी दिलाय?" मी हसू आवरलं.

उरलेल्या बावन्न हजार दोनशे पन्नास रुपयांचं काय, हे ठरवणं तुमच्या हातात आहे. ते दुकानासाठी दिले होते आणि दुकान निघालं नाही. ज्यांना परत हवेत त्यांनी खजिनदारांना निःसंकोच सांगावं, कोणाच्याही मनात काही येणार नाही. ज्यांना ते आमच्याकडेच ठेवायचे आहेत, त्यांनी तसं लिहून द्यावं. पुढचं जे काम अशाच परीक्षेत उतरेल त्यालाच ते लागतील. पाच हजार लोक जेवल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितलं, कारण काही वाया जाऊ नये. ज्याने भाकरी वाढवून दिली त्यालाही तुकड्यांची काळजी होती. मग आपण पैशापैशाची का करू नये?

शेवटी दोन विनंत्या. कपड्यांचं गाठोडं पाठवण्याआधी एक पत्र पाठवा किंवा फोन करा. तुमचं दान आम्हांला हवं आहे, पण ते कोणत्या दारी गेलं तर कोणाची कमाई बुडणार नाही, हे आम्हांला आधी पाहू द्या. आणि दुसरी विनंती प्रार्थनेची. त्या मुलासाठी, त्याच्या येत्या भरतीसाठी प्रार्थना करा. बचत गटातल्या मातांसाठी करा. आणि आम्हां सेवकांसाठी करा, की लोकांच्या "हो बाई"च्या मागे काय आहे ते ऐकण्याचा धीर देव आम्हांला देवो.

त्या विधवा बहिणीला मी काल भेटले. पाचशे रुपये परत हवेत का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलींच्या पॅन्टला नाडी लावा, चांगली लांब." त्यांचे पैसे कुठे लावायचे ते त्यांनी सांगितलं आहे. आता तुम्ही सांगा.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.